मुक्या खांबांवरची अक्षरं

४ फेब्रुवारी

दादाने वहिनीचं मनगट मोडलं. उजवं. स्वयंपाकघराच्या दारात हात पिरगाळला आणि वर झटका दिला — वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. मी हातात ताट धरून उभी! जागची हललेसुद्धा नाही. कारण काय, तर त्याचा सदरा ओला राहिला.

दवाखान्यात पुन्हा दादाच पुढे. "जिन्यात पाय घसरला हो हिचा." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे.

६ फेब्रुवारी

कोपरापर्यंत प्लास्टर. वहिनी हातासाठी रडली नाही. आज रडली ती दुपट्यासाठी.

बाजारातल्या लोकरवालीने तिच्याकडे एक नमुना मागितलाय — बाळाचं क्रोशाचं दुपटं, कोपऱ्यात सुबक अक्षरं घातलेलं. पसंत पडलं तर दुकानाचं सगळं काम वहिनीला. आणि दुकानावरची खोली राहायला. "त्या खोलीला आतून कडी आहे," वहिनी हळूच म्हणाली. एवढंच. मला कळायचं ते कळलं. दादाला यातलं काही ठाऊक नाही.

दुपटं विणून झालंय, अक्षरं तेवढी राहिलीत. "तू घाल," म्हणाली. मी! मला साधं बटण धड लावता येत नाही.

८ फेब्रुवारी

एका टाकाऊ तुकड्यावर पहिला प्रयत्न. शब्द दोनच अक्षरांचा — 'बाळ'. दिवसभर कारखान्यात खोक्यांना गोंद लावून बोटं ताठलेली, त्यात ही लोकर! सुई धाग्याच्या पोटातूनच घुसते. टाका ओढला की कापड आक्रसतं आणि अक्षर भोकात बुडून जातं.

वहिनीने तुकडा लांब धरून पाहिला. "हा 'ब' आहे की पोटात कळ आलेला माणूस?"

हसलो. त्या रात्रीनंतर पहिल्यांदा हसलो. मग दाराबाहेर दादाची चप्पल वाजली आणि दोघी गप्प.

९ फेब्रुवारी

सुई बोटात खोल गेली. लगेच उपसली नाही. बरं वाटत होतं. हे काय होतंय मला?

११ फेब्रुवारी

टोकदार सुई वहिनीने काढून घेतली, बोथट दिली. म्हणाली, धाग्यातून जायचं नाही, दोन धाग्यांच्या मधून जायचं. दुपट्याचा कोपरा तिने मुद्दाम मुक्या खांबांनी भरून ठेवलाय. हा क्रोशाचा बुटका टाका; वीण घट्ट, भोकं बारीक, म्हणून अक्षर वर राहतं. मुका खांब! नाव ऐकून म्हटलं, "म्हणजे मीच की." ती हसली नाही.

दादा आज द्राक्षं घेऊन आला. तिच्या मांडीशी बसून एकेक भरवत होता. "दुखतंय का गं?" — आवाज इतका मऊ! आई-बाबा गेले तेव्हा त्याच आवाजात मला म्हणाला होता, "भिंगरे, मी आहे ना." मला खांद्यावर बसवून शाळेत सोडायचा. माझ्या फीसाठी स्वतः शिकायचं सोडलं. कुणी मला उगाच बोललं तर त्याच्या घरी जाऊन दार लाथाडून यायचा. मला केवढा अभिमान!

वहिनीने द्राक्षं खाल्ली. सगळी. एकही नको म्हणाली नाही.

१४ फेब्रुवारी

'ळ'ने जीव काढला. दोन गोल, मध्ये गाठ, आणि गोल काही केल्या गोल होत नाहीत. उसवलं, घातलं, उसवलं. शेवटी तुकडा भिंतीवर भिरकावला, वर लाथ घातली. कात्री उचलली —

वहिनी कोपऱ्यात सरकली होती. प्लास्टरचा हात तोंडासमोर धरून. माझ्यापासून!

कात्री खाली ठेवली. एकाच आईचं दूध प्यायलोय आम्ही दोघं.

१५ फेब्रुवारी

"आधी वरची रेघ," वहिनी म्हणाली. काल काहीच झालं नाही अशा थाटात. मी नुसती अक्षरांना झोंबत होते. विणीची एक ओळ धरून तिच्यावर सरळ शिरोरेखा घालायची, उलट्या टिपेने, म्हणजे दर टाका थोडा मागे घेत, टाके सारखे. मग अक्षरं तिला टांगायची. पातळ कागदावर अक्षर काढून तो वर टाचायचा, त्यावरून शिवायचं, मग कागद ओला करून फाडून काढायचा.

केलं. कागद निघाला आणि खाली 'ळ'! अगदी गुटगुटीत.

वहिनीने डाव्या हाताने माझं डोकं जवळ ओढलं.

१७ फेब्रुवारी

भाजीत मीठ जास्त. माझ्या हातचं मीठ, मार तिला. केस धरून डोकं टेबलावर आपटलं. या वेळी मी मधे पडले. त्याने कोपर मारलं, बहुतेक चुकून. ओठ फाटला.

रक्त बघून दादाच घाबरला. "भिंगरे! लागलं का गं?" पाणी आण, कापूस आण, नुसती धावपळ. मला खुर्चीवर बसवून ओठ पुसत होता. वहिनी अजून जमिनीवर. तिच्या कपाळाला टेंगूळ आलेलं, त्याला दिसतच नव्हतं.

पहिल्यांदा त्याची शिसारी आली.

१९ फेब्रुवारी

खऱ्या दुपट्यावर अक्षरं घातली. पांढऱ्यावर निळी. 'ब'चं पोट जरासं वाकडं आहे, पण ते फक्त मला आणि वहिनीला दिसेल. लोकरवालीला उद्या द्यायचं. वहिनीने दोन साड्या पिशवीत भरल्या. "तूही चल," म्हणाली.

हो म्हणाले. दादाला सोडून जायला हो म्हणाले.

२१ फेब्रुवारी

काल काय झालं ते सगळं लिहिते. जेवणाच्या सुट्टीत कुणाला न सांगता घरी आले. दुपट्याला वाफ द्यायची होती — इस्त्री टेकवायची नाही, वरच्या वर धरायची, म्हणजे वीण नीट बसते. तेवढ्यात दादा. अवेळी. वाटेत लोकरवाली भेटली होती. बिचारी कौतुकाने विचारून बसली, "तुमची बायको दुकानावरच्या खोलीत कधी येणार राहायला?"

तो ओरडला नाही. दुपटं उचललं, सुरी घेतली आणि अक्षरांचा कोपरा चिरला. मग वहिनीकडे गेला. एका हाताने गळा धरून तिला भिंतीवर चढवलं. पाय जमिनीवरून सुटले. प्लास्टर भिंतीवर आपटत होतं, ठक ठक. मी म्हटलं, दादा सोड. दादा, मरेल ती. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मऊ आवाजात म्हणाला, "तू बाहेर जा, भिंगरे."

तिचे डोळे पांढरे झाले होते.

इस्त्री माझ्या हातात होती. कानशिलावर घातली. तो गुडघ्यावर आला, माझ्याकडे बघत. मी पुन्हा घातली. त्या आवाजाने आतून कुठेतरी गार वाटलं. इथे लिहिते, कारण हे कुणाला सांगता यायचं नाही.

वहिनीने माझ्या मुठीतून इस्त्री सोडवली. आवाज फुटत नव्हता तिचा, नुसती घरघर. "कामावर जा. तू इथे नव्हतीसच." मला दाराबाहेर ढकललं, कडी लावली.

आणि मी गेले! खोक्यांना गोंद लावत बसले. तिथेच निरोप आला — दादा दवाखान्यात, बेशुद्ध. वहिनीला पोलिसांनी नेलं. 'मी मारलं' म्हणून तिनेच सांगितलं.

मोडक्या हाताने! कुणी विचारलं कसं नाही?

२२ फेब्रुवारी

दादा शुद्धीवर आला. खाटेशी पोलीस बसलेला. सगळं आठवतंय त्याला, माझ्या हातातली इस्त्रीसुद्धा. डोळ्यांत दिसत होतं. म्हणाला, "बायकोनेच मारलं, साहेब." पोलीस गेल्यावर माझा हात धरला. "घाबरू नकोस, भिंगरे. मी आहे ना."

हात सोडवून घेतला. खरं सांगायला ठाण्यावर निघालेय.