सगुणाचा अंगठा आणि निळा झोत

२२ सप्टें.
आमच्या जुन्या कामवाल्या सगुणाला दवाखान्यात नेले. साखरेमुळे पायाच्या अंगठ्याची जखम पावसाळाभर भरली नाही. डॉक्टरीणबाईंनी नवे यंत्र लावले, थंड प्लाझ्माचे. पेनासारख्या टोकातून निळसर झोत निघतो, त्याने जखमेतले जंतू मरतात. औषधांना न जुमानणारेसुद्धा. मी बोट धरून पाहिले, नुसती फुंकर.
सगुणा नाराज. "आग नाई, झोंबत नाई. हे कायचं औषद जी?"

२७ सप्टें.
वास गेला! कडा गुलाबी. असेच चालले तर अंगठा कापावा लागणार नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सगुणा लगेच दरेकशाच्या, आपल्या माहेरगावच्या गोष्टी करू लागली, चैत्रात भावाकडे मोहफुले वेचायला जायचे म्हणून. माझ्या पोरांना कडेवर घेऊन याच पायांनी अंगणभर फिरायची...

३ ऑक्टो.
यंत्र बंद! खंडेनवमीला दवाखान्याच्या मॅनेजरांनी सगळ्या यंत्रांची पूजा केली. एक्सरे मशीनला कपाळ आहे, तिथे कुंकू लागले. याला कपाळ नाही, म्हणून थेट टोकावर. झोत निघतो त्याच भोकात ओले हळदकुंकू, वर नारळाचे पाणी. जंतू मारायच्या यंत्राला! पुसून पाहिले, झोत पेटत नाही.
मॅनेजर शांत. "मॅडम, पूजा तो सबकी हुई. इसको छोड देते तो अच्छा लगता क्या?"
माझ्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर हात धुतल्याशिवाय चॅपलमध्ये फुले ठेवू देत नसत. भक्ती आणि स्वच्छता मला एकत्रच शिकवली. दोघींचे भांडण आज पाहिले.
नवे टोक पुण्याहून येणार. कधी? "आ जाएगा."

९ ऑक्टो.
जखमेला पुन्हा वास. अंगठा कापायचा का, ते सोमवारी सर्जन येऊन ठरवणार. मॅनेजरांसमोर खुर्ची ओढून बसले, फोन लावायला लावला. पार्सल नागपुरात पडून आहे म्हणे, दिवाळीची गर्दी. मी भडकले.
घरी सगुणा म्हणते, "काऊन भांडून राहिल्या बाई? देवाचंच कुंकू होतं."
मग देवानेच आता... जाऊ दे.

११ ऑक्टो.
भाच्याची गाडी घेऊन नागपूरहून स्वतः पार्सल आणले.

१२ ऑक्टो.
उद्या सर्जन यायच्या आधी डॉक्टरीणबाई झोत लावतील. उशीर झाला का, त्यांनाही सांगता येत नाही.
सगुणा आज इथेच झोपणार. तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावून टेबलाकडे आली, बोटे कुंकवाने लाल. पार्सलच्या खोक्याकडे हात नेला.
"लांबूनच," मी म्हटले.
तिने हात मागे घेतले आणि लांबूनच जोडले. मग मीही.