गोपालचा घास

२ नोव्हेंबर, रविवार

माझ्या गोपालचं वर्षश्राद्ध झालं. गुरुजी सकाळीच आले. वडे, खीर, कढी, सगळं वेळेवर झालं. गच्चीवर पान ठेवलं, पण कावळा शिवला नाही. माणसं खाली उपाशी बसून. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला.

चुलत दीर पुंडलिकराव सगळ्यांच्या देखत म्हणाले, "पोराचा जीव बायकोत अडकून राह्यला. तिनं हे घर सोडू नये, हेच सांगून राह्यला तो."

सून निकिता पाणी वाढत होती. तिने तांब्या खाली ठेवला आणि आत गेली.

३ नोव्हेंबर

रोजच्यासारखा कुंपणाच्या भिंतीवर गोपालचा घास ठेवला. तेरवीपासून ठेवते. कावळा नेईपर्यंत मी जेवत नाही. पोळी थंड होते. सवय झाली.

५ नोव्हेंबर, बुधवार

मी मेथी निवडत होते. निकिता शेजारी येऊन बसली. थोडा वेळ तीही निवडत राहिली, मग बोलली. तिच्या ऑफिसात धम्मरत्न म्हणून एक जण आहे. त्याने तिला लग्नाचं विचारलं.

"तो बौद्ध आहे, आई. नंतर कोणी सांगन, त्यापेक्षा मीच सांगते."

मी काड्या आणि पानं वेगळी करत राहिले.

"तुम्ही नाही म्हटलं तर विषय संपला. मी परत काढणार नाही."

हे तिने इतकं शांतपणे सांगितलं की मला भीती वाटली. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. सगळं माझ्यावर टाकून ती पोळ्या करायला उठली.

हे गेले तेव्हा गोपाल होता. गोपाल गेला तेव्हा निकिता होती. ती गेली की या घरात मी आणि भिंती.

पोळ्या होईपर्यंत मी एवढंच म्हटलं — आधी पाहू दे.

७ नोव्हेंबर

भेटायचं कुठे? इथे दारव्ह्यात शक्यच नाही. यवतमाळला एक कोरियन हॉटेल निघालं आहे, सोबत बार. निकिता म्हणते, "तिथं आपल्या लोकाईतलं कोणी येत नाही." मी म्हटलं, बारमध्ये मी? ती म्हणाली, "बार पडद्याच्या पलीकडे आहे, आई. आपण जेवणाऱ्याईकडे बसू."

झोप नीट नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

जाऊन आलो. सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर डोक्यातून जाणार नाही.

भिंतीवर रंगीत केसांच्या मुलांची मोठी चित्रं. टेबलाच्या मधोमध शेगडी. आपलं आपण भाजायचं आणि खायचं. मग हॉटेलात यायचं कशाला, असं मनात आलं. धम्मरत्न आला नव्हता. आर्णीहून जीप सीटा भरल्याशिवाय निघत नाही, उशीर होईल, असा निरोप आला.

मागवायच्या आधीच वेटरने छोट्या वाट्या आणून मांडल्या. कोबीचं लाल आंबट, मुळ्याच्या फोडी, मोड आलेलं कडधान्य, बटाटा. "हे फ्री आहे मावशी, संपलं की अजून देतो." काड्यांनी खायचं. माझी मुळ्याची फोड दोनदा पडली. निकिता हसली. "हातानं खा ना आई, कोण बोलून राह्यलं." खूप दिवसांनी हसली.

तेवढ्यात पडदा सरकला आणि बंटी बाहेर आला. पुंडलिकरावांचा मुलगा! तोंडाला वास. आम्हाला पाहून जागीच थांबला. मग जवळ येऊन हळूच म्हणाला, "काकू, तुम्ही मले पाह्यलं नाई, मी तुमाले पाह्यलं नाई." आणि परत पडद्याआड गेला.

काही तरी करायला हवं म्हणून जेवायची तयारी करू लागले, आणि हात आपसूक गेला. प्रत्येक वाटीतलं थोडं थोडं एका बशीत काढलं आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवलं. घरी गोपालसाठी काढते तसं. केल्यावर लक्षात आलं. निकितानेही पाहिलं. उचलावी असं मनात आलं. उचलवली नाही.

धम्मरत्न घाईत आला. नमस्कार केला आणि त्याच खुर्चीवर बसला. "काकू, माझ्यासाठी काढून ठेवलं?" एवढं म्हणून खायलाही लागला. सकाळपासून उपाशी होता म्हणे. टेबलाखाली निकिताने माझा हात घट्ट धरला.

मी त्याला थांबवलं नाही. थांबवून काय सांगणार होते? एका वर्षात या मुलीला मी कधी हॉटेलात नेलं नाही, आणि नेलं तर मेलेल्या माणसाला समोर बसवलं, हे?

त्याने बशी पुसून खाल्ली. माझ्या ताटाकडे पाहून म्हणाला, "काकू, तुमचं तसंच आहे. तुम्ही घ्या ना." मग मान खाली घालून बोलला. "माझी माय म्हणते, पोरीच्या बापाले नंतर भेटू, पहिले तिच्या सासूले विचार. तिचं दुःख मोठं आहे. म्हणून आलो. आज काही नका सांगू. विचार करून सांगा."

माझ्यापुढचा भात निवून गेला होता. तसाच खाल्ला.

येताना बसमध्ये निकिता म्हणाली, "त्याले माहीत नव्हतं, आई. त्यांच्यात असा घास काढत नाहीत. सांगू का त्याले?"

"नको."

१० नोव्हेंबर

भिंतीवर घास ठेवला. दुपारपर्यंत मुंग्या लागल्या. कालचा घास धम्मरत्नने खाल्ला, यातून मी काही अर्थ काढणार नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

बंटी बोललाच.

पुंडलिकराव चप्पल न काढता ओट्यावर उभे राहिले. "वहिनी, कोरियाचं जेवून आल्या म्हणे. अन् पोरगं कोणाचं, तेही कळलं."

मी विचारलं, "बंटी तिथं कायले गेलता?"

त्यांनी आवाज खाली आणला. तो जास्त वाईट. "उद्या तुम्हाले चार खांदे लागतीन. आमच्यातला एक माणूस येणार नाही. गोपालच्या जिवाचा तरी विचार करा. कावळा शिवला नाही त्याले, पाह्यलं न तुम्ही?"

निकिता दारामागे उभी होती. मला तिचे पाय दिसत होते.

"उद्या सांगते," मी म्हटलं.

१४ डिसेंबर, रविवार

काल लग्न लागलं आणि निकिता आर्णीला गेली, तिच्या घरी. आमच्यातलं कोणी आलं नव्हतं. मी होते.

सकाळी मेथीची भाजी, दोन पोळ्या केल्या. भिंतीवर काही ठेवलं नाही. ताट घेतलं आणि गरम होतं तोवर जेवले.