घरगुती वीज महाग करून मिळण्याबाबत

प्रति,
मा. सचिव,
घरगुती वीज दर नियंत्रण मंडळ,
मुख्य कार्यालय, दुसरा मजला.

विषय : पहिल्या शंभर युनिटांची सवलत रद्द करून अर्जदाराची वीज महाग करून मिळणेबाबत.

संदर्भ : 'सर्व युनिटांना एकच दर' या प्रस्तावावर हरकती व सूचना मागवणारी आपली जाहीर नोटीस (आमच्या जिन्यात चिकटवलेली, खालचा कोपरा फाटलेला).

महोदय,

१. अर्जदार व्यवसायाने सुतार असून आपल्या मंडळाचा बारा वर्षांपासूनचा घरगुती ग्राहक आहे. सदर प्रस्तावाविरुद्ध आपल्या टेबलावर हरकतींचा ढीग पडला असेल. हा अर्ज कृपया त्या ढिगात टाकू नये. अर्जदाराची काहीएक हरकत नसून, प्रस्ताव मंजूर व्हावा व तो या महिन्यातच व्हावा, अशी त्याची विनंती आहे. अर्जदार हे पूर्ण शुद्धीवर लिहून देत आहे.

२. आपल्या नियमाप्रमाणे दर मीटरला महिन्याचे पहिले शंभर युनिट स्वस्त व पुढचे जवळजवळ दुप्पट भावाने मिळतात. अर्जदार, त्याचा धाकटा भाऊ, दोघांच्या बायका, तीन मुले व आई असे आठ जण एकाच मीटरवर नांदत होते आणि स्वस्त युनिट वीस तारखेच्या आत संपत होते. धाकटा भाऊ आपल्याच कार्यालयाच्या फाटकाबाहेर टाइपरायटर घेऊन बसतो व लोकांचे अर्ज टाइप करून देतो. त्यामुळे आपले नियम त्याला आपल्यापेक्षा जास्त पाठ आहेत. एका घराची कागदावर दोन घरे केली तर शंभर युनिट दोनदा स्वस्त मिळतील, ही युक्ती त्याची. अट एवढीच होती की दोन्हीकडे वेगळे स्वयंपाकघर व वेगळे दार हवे, आणि मध्ये भिंत हवी.

३. भिंत अर्जदाराने केली. दोन दिवसांत, प्लायवूडची, दोन्ही अंगांनी पट्ट्या मारून, वर रंगाचे दोन हात देऊन. वास्तविक ती दाखवण्यापुरतीच हवी होती, पण दाखवण्यापुरते काम अर्जदाराच्या हातून होत नाही, ही त्याची चूक. आपल्या निरीक्षकांनी भिंत ठोकून पाहिली व घरी असेच एक कपाट करून द्याल का, अशी विचारणाही केली. नंतर त्यांनी, आई कोणत्या कुटुंबात धरायची, असे विचारले. दोघा भावांनी एकदमच 'माझ्याकडे' असे सांगितल्याने ते गोंधळले व त्यांनी आईच्या रकान्यात आडवी रेघ मारली. आई तेव्हा शेजारीच उभी होती.

४. ठरले असे होते की जेवण पूर्वीसारखे एकत्रच करायचे. परंतु निरीक्षक कधीही अचानक येतील, असे आपल्या पत्रात छापलेले असल्याने दुसरी शेगडीही रोज पेटवणे भाग पडले. पेटवलीच आहे तर भात टाकू, भात झालाच आहे तर भाजीही करू, असे होत होत दोन संसार उभे राहिले. निरीक्षक त्यानंतर आजतागायत फिरकलेले नाहीत. फ्रिज अर्जदाराच्या बाजूला व पाण्याच्या पंपाचे बटण भावाच्या बाजूला राहिले आहे. भावाच्या बायकोला दुधासाठी जिन्यातून वळसा घालून अर्जदाराचे दार वाजवावे लागते, आणि पाणी गेले की अर्जदाराची बायको त्यांचे दार वाजवते. आई सकाळी इकडे व संध्याकाळी तिकडे जेवते. तिची रक्तदाबाची गोळी कधी दोन्हीकडे दिली जाते, तर कधी कोणीच देत नाही. गेल्या महिन्यात तिला चक्कर आली तेव्हा दोन्ही घरांनी एकमेकांवर खापर फोडले. तिने उठून बसत, मला निदान पडू तरी एका घरात द्या, असे म्हटले.

५. दराचा प्रश्न सध्या आमच्या गल्लीत फार तापला आहे. न्हाव्याचे मत, सरकारने भाव बांधून दिलेच पाहिजेत, नाहीतर वीज कंपन्या अंगावरचे कपडेही ठेवणार नाहीत. शिकवणी घेणारे मास्तर म्हणतात, सरकारने यात नाक खुपसू नये, ज्याला जेवढी परवडेल त्याने तेवढी जाळावी. मास्तरांचे स्वतःचे मीटर त्यांच्या सासूच्या नावावर आहे, हा भाग वेगळा. दर वाढू द्या, असे उघडपणे म्हणणारा अख्ख्या गल्लीत अर्जदार एकटाच. त्यामुळे तो कंपनीला विकला गेला आहे, अशी वदंता आहे. न्हाव्याने एक गाल साफ केल्यावर वस्तरा थांबवून अर्जदाराचे मत विचारले. अर्जदाराने ते खरे सांगितले व उरलेला गाल घरी येऊन स्वतः केला.

६. अर्जदार महागाईच्या प्रेमात पडलेला नाही. मुद्दा असा की सवलत गेली तर दुसऱ्या मीटरला अर्थ उरणार नाही, आणि मीटर गेले तर भिंतीलाही उरणार नाही. आजच्या नियमाने दोन मीटर पुन्हा एक करायचे तर दोन्ही ग्राहकांचे ना हरकत पत्र लागते. म्हणजे अर्जदाराने ते भावाकडे मागायला हवे, आणि दोघांत आठ महिने बोलणे नाही. मंडळाच्या हुकमाने भिंत पडली तर कोणालाच कोणापुढे पडते घ्यावे लागणार नाही. एवढ्यासाठी साऱ्या राज्याची वीज महाग करणे जास्त होते, हे अर्जदारास कळते. पण त्याला दुसरा उपाय सुचलेला नाही.

७. बोलणे का बंद झाले, तेही लिहून देत आहे. महिनाअखेरीस अर्जदाराचे युनिट संपत आले होते व एका गिऱ्हाइकाचे दरवाजे रंधा मारून गुळगुळीत करायचे राहिले होते. अर्जदाराने भिंतीला खाली भोक पाडले, त्यातून वायर घेतली व रंध्याचे मशीन तीन दिवस भावाच्या मीटरवर चालवले. भावास विचारले नाही. त्याचे एकशे अकरा युनिट झाले. त्याने भोकात चिंधी कोंबली. अर्जदाराने तेव्हाच चूक कबूल करायला हवी होती, पण त्याने उलट, सख्ख्या भावाला अकरा युनिट जड झाले का, असे ऐकवले. याची अर्जदारास लाज वाटते.

८. वरील परिच्छेद अर्जात ठेवू नये, कारण घरगुती मीटरवर धंद्याचे मशीन चालवणे हा गुन्हा असून त्यास दंड आहे, असा सल्ला हा अर्ज टाइप करणाऱ्याने आत्ताच दिला. येथे खुलासा करणे आवश्यक आहे की फाटकावरच्या दुसऱ्या टाइपवाल्याचे डोळ्याचे ऑपरेशन झाल्याने अर्जदारास नाइलाजाने भावासमोरच बसावे लागले. भावाने परक्या गिऱ्हाइकाला म्हणावे तसे 'बोला' म्हटले व पहिले सहा परिच्छेद मान वर न करता टाइप केले. सातव्याला त्याची बोटे थांबली. दंडाचे बोलून झाल्यावर त्याने कागद एक ओळ वर सरकवला. मग, ठेवायचाय का दादा, असे त्याने विचारले. अर्जदाराने ठेव म्हटले. आठ महिन्यांत दोघांत झालेले हे पहिले बोलणे आहे.

९. त्यानंतर भावाने हा अर्ध्यावरचा अर्ज मशीनमधून काढला, कोरा कागद घातला व स्वतःचे ना हरकत पत्र टाइप करून त्यावर सही केली. अर्जदाराने ते मागितले नव्हते. मग त्याने पुन्हा हा कागद चढवला आणि भिंतीला खिळे मारलेस की स्क्रू, असे विचारले. दोन्ही, शिवाय सांधे चिकटवायला सरस, असे अर्जदाराने सांगितले. तुला एक काम धड वाईट करता येत नाही, असे म्हणून तो हसला.

१०. सबब दर वाढवण्याची विनंती अर्जदार मागे घेत आहे. दर ठेवावा, वाढवावा वा उतरवावा, मंडळास योग्य वाटेल ते करावे. रंध्याचा दंड अर्जदाराच्या नावे लावावा, भावाच्या नव्हे. या प्रस्तावावरील उद्याच्या जाहीर सुनावणीस अर्जदार व त्याचा भाऊ हजर राहू शकणार नाहीत, कारण सरस लावलेली भिंत उतरवायला दोन माणसे लागतात.

आपला नम्र,
(सही)
सुतार, दोन्ही मीटरांतर्फे

दिनांक : सुनावणीच्या आदल्या दिवशी, दुपारी

सोबत :
१) दोन्ही मीटरांचे शेवटचे बिल.
२) सहग्राहकाचे ना हरकत पत्र, मूळ प्रत.
३) टाइप करणावळीची पावती जोडलेली नाही. त्याने करणावळच घेतली नाही.