भूपट्टाचा तळ

११ ऑक्टो. २००६
सुरगाण्याहून परतले. जीपने अंग आंबलंय. पाड्यावर बारीक हादरे बसले, लोक बिथरलेत. आमचा भूकंपमापक सावळीबाईंच्या परसात पुरलाय. तोच जमीन हलवतो असं कुणीतरी उठवलं. सावळीबाई म्हणाल्या, "समदे म्हनत्यात, काढा. मी काय सांगू, ताई?" रविवारी बैठक. यंत्र गेलं तर माझी पीएच.डी....

१५ ऑक्टो., रवि.
बैठक सावळीबाईंच्याच ओट्यावर. मी जमिनीला कान लावला. म्हटलं, यंत्र एवढंच करतं. कुणी हसलं नाही. एका म्हाताऱ्याने विचारलं, "ऐकून काय मिळतं?" सांगितलं: आपण ज्या भूपट्टावर राहतो तो किती जाड, ते शोधतेय. लांबच्या भूकंपाची लहर खालून येते, भूपट्टाच्या तळाशी तिचा थोडा भाग रूप बदलतो. मूळ लहर आणि तो बदललेला भाग पुढेमागे पोचतात, त्या फरकावरून जाडी. कितपत पोचलं कोण जाणे.
मग सावळीबाई उठल्या. "हादरं माझी सासू होती तवाबी बसायचं. तवा कुठं होती ही पेटी? ऱ्हाऊ द्या."
राहिली. जीपमध्ये उगाच रडू आलं.

४ डिसें.
गाईड सरांना आलेख दाखवला. सगळ्यात आधी पोचणाऱ्या पी-लहरीच्या मागे एक छोटासा खळगा. मला तो तळ वाटतो. सर म्हणाले, "वरच्या थरांत आपटून आलेला प्रतिध्वनी असला तर?" सगळा प्रबंध त्या खळग्यावर. जेवण गेलं नाही. आईला वाटतंय ताप आहे.

२० डिसें.
पीपेक्षा हळू चालणाऱ्या एस-लहरी घेऊन बघितलं. तळाशी एसची पी झाली की ती पुढे पळते, एसच्या आधी पोचते. प्रतिध्वनी मागूनच येणार, आधी कसा येईल? आज सगळ्या नोंदी एकत्र केल्या. एसच्या आधी स्पष्ट खूण. शंभर किमीच्या आसपास, पी आणि एस, दोन्हीकडून तेच.
सरांनी स्वतः पट्टी लावून फरक मोजला. मग म्हणाले, "चहा सांग."
हुश्श. घरी येऊन दोनदा वाढून घेतलं.

७ जाने. २००७
सावळीबाईंना सांगायला गेले. द्राक्षांच्या कामाला निघायची बांधाबांध चाललेली. म्हटलं, इथून नाशिक जेवढं लांब, जवळपास तेवढा जाड.
गाठोडं बांधता बांधता थांबल्या. "येवढा जाड? मंग हालतो कशापायी?"
इथले हादरे अगदी वरवरचे असतात, म्हटलं. पण इथेच का, ते मला माहीत नाही.
त्यांनी परसाच्या फाटकाची किल्ली हातात दिली. "आमी होळीला येऊ. तवर कळलं तर सांगा."