हिरव्या पट्टीचं घर

सोमवार, ४ मार्च. सकाळ.
हिशेबाच्या वहीची मागची पानं कोरी होती. वाया कशाला घालवायची, म्हणून इथे लिहिते. मनात ठेवलं तर डोकं फुटेल.
काल पुन्हा इमर्जन्सी. ह्यांच्या छातीत धस्स झालं म्हणे. धावतपळत गेलो. सासूबाईही आल्या. त्यांची पिशवी दाराला कायम भरलेली टांगलेली. शाल, चष्मा, बिस्किटं. सहलच जणू! संध्याकाळभर बसलो. मग ह्यांना मोठ्ठी ढेकर आली आणि बरं वाटलं. शेजारच्या बाकावर एक बाई धाप लागलेल्या पोराला मांडीवर घेऊन बसली होती, आणि डॉक्टर आमच्यात अडकलेला. त्या तरुण डॉक्टरने मलाच झापलं, सगळ्यांदेखत. काकू, ही जागा जिवावर बेतलेल्यांसाठी आहे, ढेकरांसाठी फॅमिली डॉक्टर आहेत ना तुमचे? ढेकर ह्यांची, बोलणी मला! सासूबाई बिस्किट खात होत्या.
आता बस्स. या घरातून पुन्हा कोणी तिकडे जाणार नाही.

मंगळवार, ५ मार्च. दुपार.
नियम केला. तिथली सिस्टर आलेल्याला बघते आणि मनगटाला रंगीत पट्टी बांधते. नीट पाहून ठेवलंय मी. मॅट्रिक आहे, त्यात काय कठीण? जुने पडदे फाडून पट्ट्या केल्या. हिरवी म्हणजे काही झालेलं नाही, कामाला लागा. पिवळी म्हणजे सकाळी फॅमिली डॉक्टर. लाल म्हणजे हॉस्पिटल. लाल पट्टी बटणांच्या डब्यात टाकून दिली. लागणारच नाही.
काही झालं की स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसायचं, पेलाभर कोमट पाणी प्यायचं, एक माळ जप करायचा. मग मी ठरवणार. लाल पट्टीशिवाय हॉस्पिटलचं नाव काढायचं नाही.
हे म्हणाले, आणि जप संपायच्या आत मी गेलो तर? म्हटलं, देवाचं नाव घेता घेता गेलात तर तुमच्यासारखे भाग्यवान तुम्हीच.
सासूबाई म्हणाल्या, स्टुलाचा एक पाय आखूड आहे गं सूनबाई, त्यावरून पडून मात्र नक्की इमर्जन्सी होईल. पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली. टोमण्याकडे लक्ष दिलं नाही.

शुक्रवार, ८ मार्च. रात्रीच्या जेवणाआधी.
ह्यांचा डावा हात बधिर. चौकशीअंती कळलं, दुपारभर त्याच हातावर झोपले होते. हिरवी. सासूबाईंच्या डोळ्यांपुढे अंधारी. ह्यांचा चष्मा घालून बसल्या होत्या. हिरवी.
हे हिरव्या पट्टीखाली बोट घालून नाडी मोजत बसले. थोरले दीर गेल्या वर्षी खुर्चीत बसल्या बसल्या गेले, तेव्हापासून ह्यांनी धास्ती घेतलीय. मला का कळत नाही? पण म्हणून रोज? धास्तीला पट्टी नाही माझ्याकडे.

बुधवार, १३ मार्च.
एकही फेरी नाही! देवाची कृपा आणि माझी शिस्त.
वर आणखी नवल. ह्यांना देवळाची ओढ लागलीय. चहा झाला की मायलेक निघतात. सासूबाई पिशवीसकट. पिशवी कशाला, विचारलं. म्हणाल्या, नंबर लागायला वेळ लागतो. खरंय, गर्दी वाढलीय देवळात. परत येतात तेव्हा ह्यांचा चेहरा असा शांत, की बघत राहावं. इतकी वर्षं मी कानीकपाळी ओरडत होते, श्रद्धा ठेवा. शेवटी माझंच ऐकलं.

रविवार, १७ मार्च.
कपडे धुताना ह्यांच्या बनियनला आतून एक गोल बटण चिकटलेलं. पांढरा चिकट कागद, मधे धातूचं टोक. हल्ली बटणंसुद्धा चिकटवतात! सुई-दोरा धरायला नको कोणाला. संताप आला. पण टाकवेना, डब्यात ठेवलं. परवाही असंच एक निघालं होतं. सेट होईल.
शिवाय ह्यांच्या कोपराच्या खळगीत कापूस चिकटवलेला. म्हणाले, देवळाच्या बागेत काटा लागला. पायाला लागतो काटा, कोपराला कसा? म्हणाले, साष्टांग नमस्कार घातला. भक्ती वाढतेय.

गुरुवार, २१ मार्च. दुपार.
सकाळपासून बेंबीभोवती दुखतंय. कारण उघड आहे. परवाची उरलेली भाजी दोघांनी तोंडात घातली नाही, ती मी संपवली. अन्न फेकायचं का? त्यात ह्या दोघांवरचा राग. तो पोटातच साठतो.
स्टूल, पाणी, जप. स्वतःच्या हाताने हिरवी बांधली. नियम सगळ्यांना सारखा.
दोघं आज देवळात गेली नाहीत. माझ्याकडे टक लावून बसली. हे म्हणाले, अगं, पांढरी पडलीस तू. म्हटलं, पिठाचा डबा भरलाय आत्ताच.

शुक्रवार, २२ मार्च. सकाळ.
दुखणं खाली उजवीकडे सरकलं. म्हणजे उतरतंय. चांगली खूण. दोनदा उलटी झाली, पोट स्वच्छ. अंग गरम आहे, पण दिवसच तसे आहेत. सरळ उभं राहता येत नाही. वाकूनच फरशी पुसायची असते, त्यामुळे अडत नाही.
हे म्हणाले, हॉस्पिटलला चल. म्हटलं, लाल पट्टी कुठाय? म्हणाले, तू दे. म्हटलं, देणार नाही, तो डॉक्टर पुन्हा मलाच झापणार. तर केवढे ओरडले! लग्न झाल्यापासून ह्यांचा आवाज एवढा मोठा असेल असं वाटलं नव्हतं. आणि ओरडताना छातीला हातसुद्धा लावला नाही.

त्याच दिवशी. दुपार.
स्टुलावर बसून लिहितेय. माळ अर्ध्यावर आली, पुढचे मणी बोटांना सापडेनात.
सासूबाईंनी बटणांचा डबा सरळ फरशीवर उपडा केला. लाल पट्टी शोधून माझ्या मनगटाला बांधली. म्हणाल्या, तुझाच नियम ना? ऊठ आता. ती गोल बटणं जमिनीवर लोळत होती. हे ती हळूच पायाने कपाटाखाली ढकलत होते. पुसलेल्या फरशीवर केवढा पसारा!
खाली गाडी आलीय. पिशवी अर्थातच तयार आहे.

मंगळवार, २६ मार्च. हॉस्पिटल.
अपेंडिक्स. फुटायच्या बेतात होतं. काढलं.
सगळं आठवतंय मला. दारातच सिस्टर ह्यांना म्हणाली, काका, आज लवकर? आजी, बिस्किटं आणलीत ना? मला कळेना, देवळातली ओळख इथे कशी. मग तिने माझ्या छातीवर गोल चिकट बटणं लावली आणि त्यांना वायरी जोडल्या. मधे धातूचं टोक. तस्सीच.
मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे छताकडे पाहत होते.
तोच डॉक्टर. म्हणाला, काकू, तुमच्या घरातून आलेली ही पहिली खरी इमर्जन्सी, आणि नेमकी हीच उशिरा आली. ह्यांना म्हणाला, काका, तुमच्या ईसीजीच्या सगळ्या पट्ट्या चांगल्या आहेत, मनातली भीती फॅमिली डॉक्टरांना सांगा, इथे यंत्रात ती दिसत नाही. ह्यांनी चक्क मान हलवली. मला म्हणाला, पुढच्या वेळी जप गाडीत करा.
पुन्हा मलाच!
देवळाचा विषय काढायला उभं राहावं लागेल. सध्या टाके आहेत.

शनिवार, ३० मार्च. घरी.
हे सकाळी आपणहून फॅमिली डॉक्टरकडे गेले. एकटे. परत आले तेव्हा बनियन मी स्वतः तपासला. बटण नाही.
टाका ओढतोय. सासूबाईंना म्हटलं, कपाटावरची दुखण्याची गोळी द्या. त्यांनी स्टूल पुढे ओढलं, पुठ्ठा नीट केला, हातात माळ दिली आणि मनगटाला हिरवी पट्टी बांधली.
बसलेय. पाणीसुद्धा धड कोमट नाही.