चारशे सतरावी कडी

६ सप्टेंबर

चि. छोटूस,
अ. उ. आ.

चाळिशी ओलांडलीस तरी तू छोटूच, तेव्हा मायना तोच. नानांना आता कूस बदलायलाही मी लागते. डॉक्टर म्हणाले, महिना निघाला तर नशीब. नाना दिवसातून दहादा विचारतात, खिंडीतून पक्षी उतरायला लागले का, आपल्या हातची कडी पायात असलेला एखादा परीट पक्षी जाळीत सापडला का. सात वर्षांपूर्वी पक्ष्यांना कड्या घालायची पक्कड तुझ्या हाती देऊन पक्षी-केंद्रावरून घरी आले, पण जीव तिथेच अडकलेला. चार दिवस तरी ये. पक्षी तुझ्यावाचून डोंगर ओलांडतील.

मोजे पाठवते आहे. लोभ आहेच, तो येऊन घेऊन जा.

ताई

१५ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मोजे मिळाले. दोन्ही एकाच मापाचे निघाले, म्हणजे तू सुधारलीस. येणं मात्र जमत नाही. पक्षी आत्ताच तर लोटताहेत. आम्ही चौघं, दर तासाला जाळ्यांची फेरी. मी निघालो तर हंगाम बुडाला. ऑक्टोबर संपला की येतो.

नानांना सांग, परवा त्यांचा परीट आला. कडी क्रमांक ४१७, त्यांच्या शेवटच्या हंगामातली. चांगला गुबगुबीत होता, सोडताना बोटाला चोच मारून गेला. ऐकून त्यांना हुशारी वाटेल.

राग ओसरला की दोन ओळी लिही.

छोटू

२५ सप्टेंबर

चि. छोटूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून दाखवलं. दोन दिवसांनी नाना वाटीभर जेवले. मग त्यांनी कपाटातून त्या हंगामाची वही काढायला लावली आणि माझं बोट धरून ४१७ वर टेकवलं. त्यांच्याच अक्षरात होतं, कडी पक्कडीत चिरडली, फेकून दिली. ती कुठल्याच पायात गेलेली नाही.

चिडले असते तर बरं झालं असतं. संध्याकाळपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडले होते. मग मला कागद घ्यायला सांगितला आणि केंद्राला पत्र लिहवून घेतलं, की माझ्या मुलाच्या सात वर्षांच्या नोंदी ग्राह्य धरू नयेत. मी म्हटलं, तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहिलं हो त्याने. ते म्हणाले, आज मला बरं वाटावं म्हणून, उद्या साहेबाला. तुझी पत्रं यापुढे वाचायची नाहीत, अशी ताकीद आहे.

पत्र मी टाकलं. पेटीपाशी जरा थांबले होते, पण टाकलं.

वरचे आशीर्वाद माझ्या एकटीचे समज.

ताई

८ ऑक्टोबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

खोटं एवढं एकच, तेही घरच्या पत्रात. केंद्राच्या वहीत मी ते लिहिलं नव्हतं. त्या वर्षी चारशेच्या घरातल्या कड्या होत्या एवढं आठवलं, जुन्या वह्या तुमच्याकडे, म्हणून मनाने आकडा ठोकून दिला. आता केंद्राने मला पक्कड खाली ठेवायला लावली आहे. वीस तारखेला नवा माणूस येईल, त्याच्या हाती सगळं देऊन निघतो.

आणि आज सकाळी जाळीत परीट होता. कडी ४३१. तीनदा वाचली. डाव्या पायाचं मागचं नख नाही. बाकीचे तिघं दुसऱ्या जाळ्यांवर होते आणि मला नोंद करायचा अधिकार नाही. तसाच सोडला.

ताकीद राहू दे, एवढं पत्र नानांना वाचून दाखव. वही बघा म्हणावं. तुझ्या पाया पडतो.

छोटू

१७ ऑक्टोबर

छोटू,

तार मिळाली असेल. तोंडाने सांगवणार नाही म्हणून लिहिते आहे.

तुझं पत्र मंगळवारी आलं. मी वही काढली. ४३१, परीट, नर. शेरा, डाव्या पायाचं मागचं नख नाही. तुझं खरं होतं.

नानांनी विचारलं, पोस्टमन येऊन गेला का, छोटूचं काही आहे का. ताकीद त्यांचीच आणि वाटही तेच बघत होते. सात वर्षं त्यांना उठवलं-बसवलं मी, आणि शेवटी डोळे लागले ते तुझ्या कागदाकडे. मला ते सोसलं नाही. काही आलं नाही, असं मी म्हणाले. बुधवारी त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. गुरुवारी दुपारी नाना गेले. पत्र पलंगाशेजारच्या औषधांच्या खणात होतं.

तू खोटं बोललास ते त्यांना बरं वाटावं म्हणून. माझ्याकडे तेवढंही कारण नाही.

वही टेबलावर उघडी ठेवली आहे. लोभ ठेवायचा की नाही, ते ती बघून ठरव.

ताई