दुधासारखी निघालेली ट्यूब

बाबा, आज सकाळी माझ्याच रक्ताची ट्यूब यंत्रातून फिरवून बाहेर काढली. खाली लाल गोळा बसलेला, आणि वर पिवळसर पाणी दिसायला हवं तिथे दूध. अगदी पिशवीतलं दूध! लॅबच्या स्टाफची वार्षिक तपासणी होती, काल संध्याकाळी सातनंतर मी काही खाल्लेलं नाही. माझ्या हाताखालची मुलगी ट्यूब उजेडात धरून हसली, "सर, खरं सांगा, वडापाव ना?" माझ्या तोंडून निघून गेलं, "आईशप्पथ, पाणीसुद्धा नाही गं." हे तर तुमचे शब्द.

तेव्हा परळच्या या लॅबमध्ये नोकरीला लागून मला चारच महिने झाले होते. तुम्ही घोडपदेवहून चालत आलात, इस्त्रीचा शर्ट घालून, "माझा पोरगा आहे इथे" असं शिपायापासून सगळ्यांना सांगत. रक्त दिलंत आणि खारीची पुडी मांडीवर घेऊन बसून राहिलात, मी मोकळा झालो की चहाबरोबर दोघांनी खायची म्हणून. तासाभराने तुमची ट्यूब अशीच पांढरी निघाली. लॅबच्या मॅडम म्हणाल्या, पेशंट खाऊन आलाय, परत पाठव. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाहेर येऊन सगळ्यांदेखत तुमच्यावर ओरडलो, "एक सकाळ दम निघत नाही? वर खोटं बोलता!" आणि पुडीकडे बोट दाखवलं. तुम्ही एवढंच म्हणालात, "आईशप्पथ, पाणीसुद्धा नाही रे." घरी आई सांगत होती, रात्रीपासून उपाशी होते, तर तिलाही गप्प केलं. तुम्ही परत रक्त द्यायला आला नाहीत. त्याच वर्षी गणपतीआधी पोटात कळ आली, स्वादुपिंड सुजलं, आणि तीन दिवसांत सगळं संपलं.

काहींच्या रक्तातली चरबी उपाशी राहूनही हटत नाही, घराण्यातच असतं ते, आणि त्यानेच स्वादुपिंड सुजतं, हे मी नंतर शिकलो. नव्या पोरांना शिकवलंसुद्धा! पण तुमची ट्यूब एकदाही आठवली नाही. कसली माझी अक्कल! माझ्या डोक्यात तुम्ही इतकी वर्षं खोटारडेच राहिलात. उद्या लेकीचं रक्त घेऊन तपासायचंय.

हे रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहितोय, फाडून खिशात ठेवीन. एक गोष्ट आईलाही कधी बोललो नाही. ओरडताना मी पुडी नीट पाहिली होती, बाबा. बेकरीवाल्याने मारलेली दोऱ्याची गाठ तशीच होती.